लक्ष्मीबाई टिळक : सोशिकपणा आणि सहनशीलता

मराठीत स्त्रीच्या सहनशक्तीचे वर्णन करावयाचे झाले की सोशीक हे विशेषण सहजगत्या लेखणीतून उतरते. लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्यालाही ते आले आहे. तऱ्हेवाईक पती, वारंवार मोडणारा संसार, धर्मांतराने झालेली ताटातूट आणि या सर्वांतून तरून गेलेली हसतमुख पत्नी असे त्यांचे चित्र शालेय क्रमिक पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र रेखाटले गेले. हे चित्र खोटे नाही. परंतु अपुरे आहे. सोशिकपणा हा बालवयात लग्न झालेल्या एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण मुलीला परिस्थितीने शिकविलेला गुण होता आणि तो त्यांच्या असंख्य समकालीन भगिनींजवळही होता. ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने जी सहनशीलता लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्यात दिसते, तिची जात वेगळी आहे. मराठी पवित्र शास्त्रात पौलाच्या पत्रांच्या अनुवादात सहनशीलता आणि धीर असे दोन शब्द येतात. पहिला माणसांशी वागताना लागणारा, दुसरा संकटाशी झुंजताना लागणारा. लक्ष्मीबाईंच्या चरित्रात हे दोन्ही शब्द रोजच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी आणि आजाऱ्याच्या अंथरुणाशी अर्थ धारण करताना आढळतात.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. १८५७ च्या धामधुमीनंतर तिच्या आजोळच्या घरातील कर्त्या पुरुषाला इंग्रजांनी फाशी दिली. या घटनेचा धक्का मनूच्या वडिलांच्या मनावर असा काही बसला की त्यांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ नये, कोणाचा स्पर्श होऊ नये, झाला तर स्नान, पुन्हा शंका आली तर पुन्हा स्नान. या विटाळाच्या भयाखाली मनूची आई आणि भावंडे वाढली. आईने हे सर्व विनातक्रार सोसले. सोशिकपणाचा पहिला धडा मनूने पाहिला तो असा. आणि हेही ध्यानात घेतले पाहिजे की तो पाहताना तिच्या बालमनाला त्यातले हास्यास्पदही दिसले होते. वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींत त्या या सोवळ्याचे वर्णन करतात, त्यात वडिलांविषयी कडवटपणा नाही आणि भक्तीही नाही. एक विलक्षण माणूस होता आणि त्याच्यामुळे आम्हां सर्वांचे हाल झाले, इतकेच. माणसाकडे न रागावता आणि न वाकता पाहण्याची ही दृष्टी पुढे नारायण वामन टिळकांच्या संसारात त्यांना पदोपदी उपयोगी पडली.

नाशिकास गोविंदराव खांबेटे या आप्तांच्या घरी मनूचे काही बालपण मोकळ्या वातावरणात गेले. १८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, तिचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. पती नारायणराव १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले, आईवेगळे, बुद्धिमान, कवी, अतिशय उदार आणि तितकेच शीघ्रकोपी. टिळकांच्या वडिलांचा स्वभाव कठोर होता, सासू नव्हती. टिळक स्वतः कधी घरी असत, कधी कोणालाही न सांगता निघून जात. नोकरी धरावी, सोडावी, गाव बदलावे. नवा विचार सुचला की जुना संसार आहे तसा टाकून चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. घरात आलेला पैसा दारात आलेल्या गरजूच्या हाती जाई. यात ढोंग नव्हते, परंतु दुसऱ्या दिवशी चूल कशाने पेटवावयाची हा प्रश्न दात्याला पडत नसे, पत्नीला पडे. राग आला म्हणजे टिळक आपल्या ताब्यात राहत नसत आणि राग ओसरल्यावर पश्चात्तापाने विरघळून जात. आधीची अपत्ये लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा जगला. तोच पुढे देवदत्त नारायण टिळक.

या पहिल्या पंधरा वर्षांतील लक्ष्मीबाईंचे वर्तन सहनशीलतेचे होते असे म्हणणे घाईचे होईल. त्या भांडत, रुसत, माहेरी निघून जात, नवऱ्याला चकवीत, त्याची थट्टा करीत. टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. तीही कधी अत्यंत उत्साहाने, कधी संतापाच्या भरात पाटी बाजूला सारून. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पतीच्या इच्छेप्रमाणे घडत जाणारी आणि त्यापायी घरातील बायकांचे टोमणे मुकाट्याने ऐकणारी स्त्री दिसते. त्या आठवणींची थोरवी निर्विवाद आहे. पण लक्ष्मीबाई त्या घडणीच्या नव्हेत. मुकाटपणा हा त्यांच्या स्वभावात मुळीच नव्हता, आणि म्हणूनच पुढे त्यांनी जे धैर्याने सोसले त्याला मोल येते.

नागपूर, राजनांदगाव अशा मुक्कामांत टिळकांच्या मनात धर्माविषयीचे मंथन चालू होते. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढील दीड-दोन वर्षांत त्यांचा निश्चय झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी दूर, आप्तांच्या आश्रयाला होत्या. नवरा जिवंत असून गमावलेला. लोकांच्या दृष्टीने मेल्याहून वाईट. सौभाग्याची खूण कपाळी ठेवावयाची की नाही, हाही चर्चेचा विषय व्हावा अशी ती अवस्था. मूल लहान. टिळक मुलाला नेतील ही नातलगांची सततची धास्ती.

या काळातील त्यांचे मोठे वास्तव्य पंढरपुरात, बहीण आणि तिचे यजमान पेंडसे यांच्या घरी झाले. दुःखाने त्या प्रथम भ्रमिष्टासारख्या झाल्या. मग हळूहळू कविता सुचू लागल्या. मराठी वाचकाला येथे एक योग जाणविल्याखेरीज राहत नाही. ज्या क्षेत्रातील दैवत पुंडलिकाच्या सांगण्यावरून विटेवर तिष्ठत उभे आहे, त्याच क्षेत्री ही स्त्री चंद्रभागेच्या काठी वाट पाहत राहिली. वारकरी परंपरेत तिष्ठणे हे देवाकडे आहे. भक्त येईपर्यंत देव थांबतो. टिळक स्वतः तुकोबांच्या अभंगांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचल्याचे आवर्जून सांगत. अहमदनगरला राहून त्यांनी या काळात पत्नीला पत्रे लिहिली, कविता लिहिल्या आणि थांबले. चरित्रकारांनी पत्नीच्या धीराविषयी पुष्कळ लिहिले आहे. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाने या एका बाबतीत जवळजवळ पाच वर्षे जी वाट पाहिली, तिची नोंद फारशी झालेली नाही. ज्या पुरुषाला जेवण पाच मिनिटे उशिरा आलेले खपत नसे, त्याने पत्नीच्या धर्माविषयी मात्र जबरदस्ती केली नाही. त्यांच्या स्वभावात नसलेली ही गोष्ट त्यांच्या श्रद्धेने त्यांच्याकडून करवून घेतली, असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरू नये.

लक्ष्मीबाई अखेरीस आपण होऊन नगरला गेल्या. नवऱ्याकडे जाणे आणि नवऱ्याच्या धर्मात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या मनात स्वच्छ होते. प्रारंभी त्या वेगळ्या राहिल्या, आपले अन्न आपण शिजवीत, पाणी आपण भरीत. मिशनच्या वस्तीत एका सोवळ्या ब्राह्मण बाईने असे बेट करून राहावे, याचे तिथल्या लोकांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. टिळकांनी तिच्या सोवळ्याची सोय लावून दिली. दोघांनी परस्परांस दिलेली ही सवलत त्या काळाच्या मानाने असाधारण होय. आजच्या वाचकाला हा प्रसंग साधा वाटेल. परंतु धर्मांतरित पतीला पत्नी सोडून गेल्याची अथवा धर्मांतरित पतीने पत्नीवर हक्क सांगितल्याची अनेक प्रकरणे त्या शतकात कज्जेदलालीपर्यंत गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या स्वयंपाकघरातील तहाचे महत्त्व कळते.

पुढचा मुक्काम राहुरीचा. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळत होता. मिशनने पोरक्या मुलांना आश्रय दिला होता आणि टिळकांच्या घरीही अशी मुले आली. ती कोणत्या जातीची होती हे विचारण्याची सवड दुष्काळाने ठेवली नव्हती. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते या सहवासात, आणि तेही एकदम नव्हे. स्पर्श, पाणी, अन्न अशा एकेका पायरीवर त्यांचे मन स्वतःशीच वाद घालत राहिले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणाही पाद्र्याला विचारला नाही. स्वतःला विचारला आणि माणसाने केली असे उत्तर मिळाल्यावर त्या अन्नपाण्याच्या बाबतीत मोकळ्या झाल्या. वडिलांच्या घरी धुऊनही ज्या शंका कधी फिटल्या नाहीत, त्या शंकांचा लेकीने असा निकाल लावला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : आधी आचार बदलला, मग श्रद्धेला नाव मिळाले. बाबा पदमनजींच्या १८८८ सालच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात धर्मांतराची वाट ग्रंथवाचन आणि वादविवाद यांतून जाते. लक्ष्मीबाईंची वाट चुलीवरून आणि पाण्याच्या हंड्यावरून गेली. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांच्या इतिहासात हा फरक लिंगभेदाचा म्हणून सोडून देण्यात येतो, पण तो श्रद्धेच्या स्वरूपाचाही आहे.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. पुढे नगरात घर म्हणजे धर्मशाळा होऊन बसली. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, फिरस्ते, कोणीही येऊन राहावे. टिळक माणसे आणीत आणि लक्ष्मीबाई ती सांभाळीत. नगरला प्लेगाने गाठले तेव्हा त्या रोग्यांच्या छावणीत शुश्रूषेला राहिल्या. ज्या घरात परक्याच्या सावलीचे भय होते त्या घरची मुलगी गाठी आलेल्या मुलांच्या उशाशी बसली, हे नुसते सांगितले तरी पुरे आहे. विशेष असा की या सेवेचे वर्णन करताना त्या स्वतःला कोठेही थोर करीत नाहीत. भीती वाटली तेथे वाटली असे सांगतात.

याच घरात बालकवी राहिले. १८९० साली धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सर्वांच्या नजरेत भरले. टिळकांचा त्यांच्यावर लोभ जडला आणि पुढे ते नगरला टिळकांच्या घरचेच एक होऊन गेले. हा मुलगा लहरी, हळवा, जेवता जेवता रुसणारा, रात्री-अपरात्री भटकणारा. एका घरात दोन कवी आणि दोघेही तापट, अशा स्थितीत मध्ये उभे राहण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. त्यांनी बालकवींना उपदेश केल्याचे दिसत नाही. ताट झाकून ठेवावे, दार उघडे ठेवावे, आल्यावर काही विचारू नये, ही त्यांची रीत. ‘स्मृतिचित्रे’त बालकवींचे जे दर्शन घडते ते मराठी काव्याच्या अभ्यासकाला अन्यत्र मिळत नाही, कारण कवीला एवढ्या जवळून आणि एवढ्या कमी अपेक्षेने पाहणारे दुसरे कोणी नव्हते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. घरातलाच मुलगा जावा तसे हे जाणे होते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पतीच्या लहरींना सांभाळणाऱ्या स्त्रीच्या सहनशीलतेला ख्रिस्ती सद्गुण म्हणणे म्हणजे पुरुषी अन्यायावर धर्माचे पांघरूण घालणे नव्हे काय? स्त्रीवादी समीक्षेने हा प्रश्न योग्यच उपस्थित केला आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. टिळकांच्या रागाचे, त्यांच्या बेफिकीर दातृत्वाचे आणि त्यापायी घरावर आलेल्या ओढगस्तीचे वर्णन लक्ष्मीबाईंनी लपविलेले नाही. हे सर्व सोसणे आवश्यक होते असेही त्या म्हणत नाहीत. मात्र एक भेद स्पष्ट दिसतो. धर्मांतरापूर्वी नवरा निघून गेला की त्यांच्या हाती रडणे आणि माहेरी जाणे एवढेच होते. १९०० नंतर त्यांना स्वतःचे काम आहे, स्वतःचे मत आहे, सभेत उठून बोलण्याची ताकद आहे. टिळकांशी त्यांचे खटके उडतच राहिले, पण आता ते दोन बरोबरीच्या माणसांचे खटके आहेत. सोसणाऱ्याजवळ नाही म्हणण्याची शक्ती असेल तरच त्याच्या सोसण्याला सद्गुण म्हणता येते. ती शक्ती लक्ष्मीबाईंजवळ कधी आली, हे त्यांच्या चरित्रात तारखेनिशी नाही तरी प्रसंगानिशी दाखविता येते. आक्षेप त्यामुळे पूर्णपणे निरस्त होत नाही. पहिल्या पंधरा वर्षांना तो लागू आहेच.

या शक्तीची कसोटी १९१७ साली लागली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करणाऱ्या टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र येतील अशी मंडळी उभारण्याची घोषणा केली. वयाच्या छप्पनाव्या वर्षी हाती असलेली मिळकत टाकून ते साताऱ्यास गेले. पुन्हा तोच प्रकार, असे कोणीही म्हटले असते. लक्ष्मीबाईंनी या वेळी त्यांना अडविले नाही. पण संन्याशाच्या घरातही तांदूळ लागतात हे सांगण्याचे सोडले नाही. दरबाराची कल्पना रुजण्याआधीच टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची सतरा वर्षे चरित्रकारांनी उपसंहारासारखी उरकली आहेत, ते बरोबर नाही. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, पुढे देवदत्तांच्या कुटुंबासोबत काही काळ कराचीस राहिल्या आणि अखेर नाशिकला स्थिरावल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य हाती घेतले होते, ते सुमारे दहा अध्यायांवर थांबले. नवऱ्याने अर्धवट टाकलेल्या गोष्टी पुऱ्या करण्याची सवय आयुष्यभराचीच होती. ज्यांना जोडाक्षरे लिहिताना शेवटपर्यंत अडखळावयास होई, त्या बाईंनी या काव्याला साठांहून अधिक अध्याय जोडले. काव्यगुणांच्या दृष्टीने टिळकांचे अध्याय आणि लक्ष्मीबाईंचे अध्याय सारख्या तोलाचे नाहीत, हे मान्य करावयास हवे. टिळकांची प्रतिभा एका झेपेत जे साधते तेथे त्या पायी चालत जातात. मात्र गालीलातील बाया, विहिरीवरचे पाणी, भाकरी, आजारी मुले यांच्याशी त्यांची जी सलगी आहे ती टिळकांच्या भागात नाही. हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाले.

‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली तीही अशीच, दुसऱ्याच्या कामातून. देवदत्तांना वडिलांचे चरित्र सिद्ध करावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यावयास सांगितले. टिपणे मागितली होती. हाती आला तो मराठीतील आत्मचरित्राचा एक मानदंड. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि साठी उलटलेल्या लेखिकेला महाराष्ट्राने एकदम ओळखले. १९५० साली जोसेफीन इंक्स्टर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. या ग्रंथाच्या विनोदाविषयी बरेच लिहून झाले आहे. त्या विनोदाचे नाते सहनशीलतेशी आहे, याकडे मात्र लक्ष जावयास हवे. ज्याने आपल्याला दुखविले त्याच्याविषयी लिहिताना लेखणी हसरी राहते, याचा अर्थ दुःख विसरले असा होत नाही. दुखविणाऱ्याला त्याच्या दुर्गुणांसह जवळ ठेवले आहे असा होतो. टिळकांचा अपराध आणि टिळकांचे मोठेपण एकाच वाक्यात येते, आणि पुष्कळदा त्याच वाक्यात लक्ष्मीबाईंचा स्वतःचा वेडेपणाही येतो. क्षमा हा शब्द त्या क्वचितच वापरतात.

१९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. अखेरच्या काळात प्रकृती साथ देत नव्हती तरी आठवणींचे लेखन आणि ‘ख्रिस्तायना’चे काम आलटून पालटून चालू राहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रां’चा चौथा भाग त्यांच्या पश्चात निघाला, त्याला देवदत्तांच्या हातचा मजकूर जोडलेला आहे, आणि आईची वाक्ये कोठे थांबतात ते वाचकाला सांगावे लागत नाही.